मशीन थांबलं की वाजणारी बेल

गल्लीत सगळे त्यांना भोंगाअण्णा म्हणत, आणि तेही तोंडावर. बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारायची नोकरी त्यांनी उभा जन्म केली. मायक्रोफोन बंद पडला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही, असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक शपथेवर सांगत. घरी आले तरी आवाज ड्युटीवरच असायचा. जेवताना मीठ मागितलं तर पलीकडच्या घरातल्या बाई डबा घेऊन उठतील अशी भीती वाटे. त्या घरात सून म्हणून आलेली शिंपीणबाई पहिले काही महिने दचकत दचकतच जेवली.

शिंपीणबाई हे तिचं गल्लीतलं नाव. पुढच्या खोलीत तिचं छोटं दुकान होतं. लांब पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, कुणाच्या उसवलेल्या बाह्या आणि कुणाचे पडदे शिवायचे. मागच्या खोलीत अण्णा. मध्ये स्वयंपाकघर आणि एक अरुंद बोळ. तिचं मोटरवर चालणारं शिलाई मशीन सकाळी सुरू झालं की घराला त्याची इतकी सवय होती, की कुणाला ते ऐकूच येत नसे. निदान तिची तशी समजूत होती.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी घडलेली गोष्ट त्या घरात प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागे. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम अंगावर, त्यात तिला ताप. "आज आराम कर" असं नवरा सांगून गेला, आणि हिने अर्थातच ऐकलं नाही. दुपारी भोवळ आली आणि ती पडली ती नेमकी मशीनच्या लोखंडी कडेवर. कपाळ फुटलं. मागच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेले अण्णा धावत आले, दार उघडून रस्त्यावर गेले आणि घाबरलेल्या जिभेवर जे सवयीचं होतं तेच आलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं! डॉक्टरसाहेबांनी ताबडतोब आमच्या घरी यावं!" अख्खी गल्ली दारात. कोपऱ्यावरचे डॉक्टर स्टेथोस्कोप कानात तसाच ठेवून पळत आले, आणि त्यांच्या मागून ज्याची छाती ते तपासत होते तो पेशंटही आला, उघडाच. "आणखी उशीर झाला असता तर मी येऊनही काही करू शकलो नसतो," डॉक्टर नंतर म्हणाले. अण्णा ही गोष्ट सांगताना शेवटी छातीवर थाप मारत, "पोर माझ्या आवाजाने वाचली!" आणि शिंपीणबाईलाही तसंच वाटायचं. कपाळावरच्या खुणेला हात लागला की तिला तो आवाज आठवायचा, आणि मनातल्या मनात ती त्याला हात जोडायची.

तोच आवाज गेला. घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढली. जीव वाचला ही काही लहान गोष्ट नव्हती. गळ्याला आता श्वासासाठी एक भोक होतं, त्यावर पातळ कापडाचा पडदा बांधावा लागे. ते पडदे शिंपीणबाई शर्टांच्या उरलेल्या कापडाचे शिवायची. एकावर तिने गंमत म्हणून छोटा टाय शिवला. तो लावून अण्णा आरशासमोर बराच वेळ उभे राहिले, आणि तोंड उघडून हसले. हसू होतं, आवाज नव्हता. तिने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

बोलण्यासाठी पाटी होती. पण पाटी हाक मारत नाही. एका दुपारी अण्णा न्हाणीघरात घसरले. मग हातातल्या मगाने फरशीवर ठोकत राहिले. पुढे मशीन चालू होतं, हिला काही ऐकू आलं नाही. गिऱ्हाईक गेलं, मशीन बंद झालं, तेव्हा ती ठकठक कानावर पडली. हाड मोडलं नव्हतं एवढं नशीब.

ही बातमी नणंदेपर्यंत पोचली. नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणत. ताई मनाने चांगली, पण एकदा ठरवलं की ठरवलं. तिने फोनवर भावाला सांगितलं, "अण्णांना मी घेऊन जाते. माझ्याकडे घरात सतत कुणीतरी असतं. तुमच्याकडे ते पडले तर कळणार कसं? ती बिचारी मशीनवर, तू गाडीवर." नवरा पावाच्या कारखान्याची गाडी चालवायचा. सकाळी जायचा तो दिवे लागायच्या वेळी घरी. अण्णांना विचारलं तर त्यांनी पाटीवर लिहिलं, "तिथे ऐकू काय येतं?" ताईचं घर उंच इमारतीत, काचा लावल्या की आत शांत. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला गल्लीचा गलका सोडवत नाही.

"बेल लावू या," शिंपीणबाई म्हणाली. "हाक ऐकू आली तर ठेवाल ना इथे?"

"ऐकू आली तर," नवरा म्हणाला. "ताई शनिवारी येतेय. तोपर्यंत काय ते कर."

करायचं काय, हा प्रश्नच होता. हातात घेऊन वाजवायची घंटी दिली तर अण्णांनी पाटीवर लिहिलं, "मी आइस्क्रीमवाला आहे का?" शिवाय मशीनपुढे ती ऐकू येणारही नव्हती. पलंगापाशी वायरचं बटण लावलं तर न्हाणीघरात काय उपयोग? मोबाईल देऊन पाहिला. अण्णांनी भलताच नंबर दाबला, आणि डेपोच्या रिटायर मॅनेजरने नुसता श्वास ऐकून पोलिसांत जायची धमकी दिली.

आणि मग कपाटात रिमोट सापडला. जुना टीव्ही कधीच भंगारात गेला होता, पण रिमोट मात्र प्लास्टिकच्या पिशवीत नव्यासारखा जपून ठेवला होता. तो हातात घेऊन ती विचार करत उभी राहिली. बटणं मोठी, वायर नाही, गळ्यात अडकवता येईल. फक्त त्याचं म्हणणं ऐकणारं काहीतरी पाहिजे.

लग्नाआधी ती रेडिओच्या एका कारखान्यात डाख द्यायला होती. म्हणजे बोर्डावर ठरलेल्या जागी वितळलेलं कथील सोडायचं, आणि तो पुढे ढकलायचा. पुढे तो रेडिओ वाजला की नाही हे दुसऱ्या खोलीतल्या लोकांना कळायचं, हिला कधीच नाही. हात तयार होता, पण त्या हाताने काय केलं ते ऐकायचं राहून गेलं होतं. ती तशीच उठली आणि बाजारातल्या पार्टवाल्याकडे गेली.

पार्टवाला म्हणजे एक किरकिरा म्हातारा. त्याच्या दुकानात हजार खण, आणि कुठल्या खणात काय आहे ते फक्त त्याला ठाऊक. रिमोट बघून त्याने विचारलं, "टीव्ही कुठाय?"

"टीव्ही नाही. सासऱ्यांना बोलवायचंय."

"सासऱ्यांना रिमोटने बोलवणार?"

"अहो, त्यांनी मला बोलवायचंय!"

म्हातारा हसला, ही म्हणे दुर्मीळ गोष्ट. पाकिटाच्या मागच्या बाजूला त्याने आकृती काढून दिली. रिमोटमधून डोळ्याला न दिसणारा प्रकाश निघतो. तो ओळखणारा तीन पायांचा काळा सेन्सर. त्याने इशारा केला की ट्रान्झिस्टर जागा होतो, वीज पुढे सोडतो, आणि बेल वाजते. बटण पटकन सोडलं तरी बेल जरा वाजत राहावी म्हणून एक कपॅसिटर. "पाय बघून लाव," त्याने बजावलं. "तिन्ही सारखे दिसतात, पण तसे नसतात."

तिने बघून लावले आणि तरी उलटे लावले. सेन्सर तापला, वास आला, संपला. ती दुसरा आणायला गेली तेव्हा म्हाताऱ्याने काही न विचारता खण उघडला आणि एकाऐवजी मूठभर सेन्सर पुढे ठेवले. "सगळ्यांचा पहिला जळतो," तो म्हणाला. या एका वाक्यासाठी ती त्याला आजही दुवा देते.

दुसरा चालला. एक सेन्सर अण्णांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर, एक न्हाणीघराच्या दारावर, आणि वायर बोळातून पुढे मशीनच्या डोक्यावर. रिमोटला दोरी ओवून तिने तो अण्णांच्या गळ्यात घातला. पण अण्णांना पटेना. त्यांनी रिमोट उलटसुलट केला, बटण दाबून टोकाकडे बघितलं आणि पाटीवर लिहिलं, "यातून काही निघत नाही." तेव्हा तिने मोबाईलचा कॅमेरा सुरू करून रिमोटच्या टोकापुढे धरला आणि म्हणाली, "आता दाबा." मोबाईलच्या पडद्यावर जांभळट ठिणगी लुकलुकली. अण्णांनी पुन्हा दाबलं, पुन्हा लुकलुकली. पुढच्या खोलीत बेल कर्कश वाजत राहिली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत तो जुना रुबाब दिसला. त्यांनी पाटी ओढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावं!" शिंपीणबाई हसता हसता रडायला लागली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्याच दिवशी बेल वाजली, ती हातातल्या टाचण्यांसकट धावत गेली, तर अण्णा डोळे मिटून पडलेले, चादर गळ्यापर्यंत. "अण्णा, बोलावलंत?" त्यांनी डोळे किलकिले करून मान हलवली. नाही. ती परत आली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. बेल, धावाधाव, मिटलेले डोळे, नकार.

आपली बेल आपोआप वाजते, अशी तिची खात्री झाली. नवऱ्याने विचारायचं तेच विचारलं, "दिवसभर खोटी वाजत राहिली, तर खरी वाजेल तेव्हा तू उठशील का?" तोच खरा प्रश्न होता.

मग ती दोष शोधायला बसली. आधी उन्हाचा संशय घेतला, सेन्सरला काळ्या पुठ्ठ्याची टोपी केली. मग ट्यूबलाइटचा. ती काढून साधा दिवा लावला. काही फरक नाही. शेवटी तिच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती आनंदाने उडालीच. बेल वाजायची ती नेहमी मशीन थांबल्यावर! मशीन चालू असेपर्यंत चिडीचूप. थांबलं, जरा वेळ गेला, की वाजली!

ती पार्टवाल्याकडे धावली. "मोटर बंद होताना ठिणगी उडते," तो चष्मा पुसत म्हणाला. "तिचा झटका वायरीत जातो. जुनं दुखणं आहे." त्याने मोटरला लावायला कपॅसिटर दिला आणि बेल मोबाईलच्या चार्जरवर न ठेवता सेलवर चालवायला सांगितलं. तिने दोन्ही केलं. वायर मोटरपासून लांब फिरवली. मशीन चालवलं, थांबवलं, कान टवकारून बसली. शांतता. तिचा जीव भांड्यात पडतोय तोच बेल वाजली. तिने कपाळावर हात मारला.

शनिवार उजाडला. ताई दुपारी येणार होती. शिंपीणबाईने सकाळी अण्णांची बॅग भरली. टायवाला पडदा सगळ्यात वर ठेवला, मग काढून खाली ठेवला, मग पुन्हा वर. अण्णा पलंगावर बसून बघत होते. पाटी कोरी होती. "माझ्याने नाही जमलं, अण्णा," ती म्हणाली. "तुमच्या आवाजाने मला वाचवलं, आणि मला तुमच्यासाठी एक बेल धड करता आली नाही." अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, पाटीकडे हात नेला, आणि मागे घेतला. ती पुढे निघून गेली.

दुपारी वीज गेली. एका गिऱ्हाइकाची पँट तेवढी राहिली होती. कामाशिवाय नुसतं बसणं तिला जमणार नव्हतं, म्हणून मोटरचा पट्टा काढून तिने हाताने मशीनचं चाक फिरवायला सुरुवात केली. खटक, खटक, हळूहळू शिवण पुढे सरकू लागली. दोरा तुटला. ती थांबली, आणि सुईत दोरा ओवायला उजेडाकडे वळली. दोरा काही केल्या जाईना.

बेल वाजली.

ती सुई हातात धरून तशीच बसून राहिली. घरात वीज नव्हती. मोटर मेलेली, पट्टा टेबलावर पडलेला. बेल सेलवर. झटका येणार कुठून? तिने मशीनकडे बघितलं, वरच्या बेलकडे बघितलं, आणि मग बोळाकडे.

चपला काढून ती दबक्या पावलांनी मागे गेली आणि दाराआड उभी राहिली. अण्णा पलंगावर ताठ बसले होते. गळ्यातला रिमोट दोन्ही हातांत, अंगठा बटणावर, आणि नजर दारावर. मान किंचित वाकडी करून ते ऐकत होते. काहीच ऐकू येईना तेव्हा त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मग पाय खाली सोडले, भिंत धरून उठायला लागले. चेहऱ्यावर भीती होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

"अण्णा, मी इथेय!" ती पुढे झाली.

ते मटकन खाली बसले. पहिल्यांदा सुटल्यासारखे दिसले, मग चोरी पकडली गेल्यासारखे. चादर ओढायला हात गेला, पण आता झोपेचं सोंग चालणार नव्हतं.

"तुम्हीच दाबत होतात? रोज?"

त्यांनी मान खाली घातली. मग पाटी घेतली. अक्षर वाकडं आलं. "मशीन थांबलं."

ती वाचत उभी राहिली. हात आपोआप कपाळावरच्या खुणेकडे गेला. ती गोष्ट तिने किती वेळा ऐकली होती! डॉक्टर, उघडा पेशंट, प्रवाशांनी लक्ष द्यावं. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची. पण मागच्या खोलीत वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला पुढे कुणीतरी पडलंय हे कळलं कसं, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःही नाही.

"त्या दिवशीपण," ती म्हणाली, "मशीन थांबलं म्हणून आलात?"

त्यांनी मान हलवली. हो.

"आणि तेव्हापासून रोज ऐकताय?"

हे विचारण्यासारखं आहे का, अशा नजरेने त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पूर्वी मशीन जास्त वेळ थांबलं की मागून हाक यायची, "सूनबाई, चहा झाला का?" तिला वाटायचं, म्हाताऱ्याला चहाचं वेड आहे. चहा ठेवला तर अर्धा कप तसाच राहायचा.

"मग मला 'नाही' का म्हणत होतात? मी वेड्यासारखी मोटर दुरुस्त करत बसले!"

त्यांनी पुसून लिहिलं, "धावत आलीस. गिऱ्हाईक सोडून. लाज वाटली." मग खाली आणखी एक ओळ, "एकदा नाही म्हटलं, मग नाहीच म्हणावं लागलं."

"आणि त्यापायी ताईंकडे गेला असतात?"

त्यांनी पुन्हा पाटी पुसली. मग लिहिलं, "तिथे मशीन नाही."

तेव्हा तिला ताईंकडे जायचं निघालं त्या दिवशीची ओळ आठवली, तिथे ऐकू काय येतं. तिने खाली बसून त्यांचे दोन्ही हात धरले, सुई कुठेतरी पडली, आणि ती लहान मुलीसारखी रडली. आपल्याला वाचवलं ते आवाजाने नव्हे, कानाने, हे तिला त्या क्षणी कळलं. आणि आवाज गेला असला तरी कान तसाच जागेवर होता, हेही कळलं. तिला इतकं भरून आलं की आभार कुणाचे मानायचे तेही सुचेना. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे, पार्टवाल्याचे, की तीन पायांच्या त्या काळ्या तुकड्याचे.

ताई आली तेव्हा वीजही आली होती. तिने बॅग पाहिली, वर बेल पाहिली, आणि सरळ मुद्द्यावर आली. "ही आपोआप वाजते म्हणे?"

"एकदाही आपोआप वाजलेली नाही," शिंपीणबाई म्हणाली. "बसा इथे माझ्या शेजारी. काही बोलू नका."

तिने मोटरचा पट्टा चढवला, मशीन सुरू केलं, पँटीची शिवण पूर्ण केली, आणि थांबवलं. दोघी गप्प बसल्या. ताई काही विचारायला तोंड उघडते तोच डोक्यावरची बेल वाजली.

"जा तुम्ही," शिंपीणबाई म्हणाली. "बघा त्यांना काय हवंय."

ताई आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात पाटी होती. अण्णांनी लेकीसाठी सगळं लिहिलं होतं, कडेकडेने, जागा पुरली नव्हती. तिने बॅग उघडली, टायवाला पडदा काढून नेऊन बापाच्या गळ्याला बांधला, आणि बाकीचे कपडे कपाटात लावायला घेतले. "मी महिन्यातून एकदा येईन," ती कपाटात डोकं घालूनच म्हणाली. "आणि वहिनी, एक सांगते. माझं कुणी एवढं ऐकत नाही."

पुढे पार्टवाल्याला हे कळलं तेव्हा त्याने नवी आकृती काढली. शिंपीणबाईच्या टेबलाखाली बटण, अण्णांच्या खोलीत दिवा. मशीन थांबवलं की बटण दाबायचं, दिवा लागला की म्हाताऱ्याला कळेल, सगळं ठीक आहे. उठायचे कष्ट नकोत. तिने सामान आणलं, बोर्डावर अर्धे डाखही दिले. मग एक दिवस तो बोर्ड तिने खणात ठेवून दिला, रिमोट ज्या पिशवीत होता त्याच पिशवीत. दिवा लागला असता, तर जावं लागलं नसतं.

आता बेल वाजली की ती उठते, दारात जाऊन उभी राहते, अण्णा तिला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघून घेतात आणि हाताने जा म्हणतात. झोपेचं सोंग बंद झालं आहे. आणि एखाद्या दुपारी, हातात काम असताना, दोरा धड असताना, ती उगाचच मशीन थांबवते आणि वाट बघते.